स्वप्नातले सासरे

माझ्या सासऱ्यांना मी कधी पाहिलेलं नाही. मी लग्न होऊन सोलापुरात आले, त्याच्या दोन वर्षं आधीच ते गेले. माझ्या ओळखीचा त्यांचा एकच चेहरा, बाहेरच्या खोलीतल्या फोटोतला: गुलाबी फेटा, खांद्यावर घोंगडी, आणि फोटोवाल्याने दम दिल्यासारखे ताणलेले डोळे. तरीही आमच्या भावकीत सासऱ्यांशी बोलणारी सून म्हणून माझी ख्याती आहे. मंगळवेढ्याकडच्या एखाद्या लग्नात गेले की अजूनही कुणी म्हातारी मला बाजूला घेते आणि हळूच विचारते, आमचं माणूस बी दिसतं का गं तुला. मी हसून वेळ मारून नेते. ही भानगड माझी मीच ओढवून घेतलेली आहे, दुसऱ्या कुणाला दोष देऊन उपयोग नाही.

मी मूळची कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात होते. आमच्या घरात स्वप्नाला काडीची किंमत नव्हती. सकाळी कुणी काही सांगायला लागलं तर आई म्हणायची, रात्री वांगं जास्त खाल्लंस, आणि विषय तिथेच मिटायचा. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे सकाळचा चहा म्हणजे स्वप्नांची हजेरी. सासूबाईंना आम्ही दोघी सुना आत्या म्हणतो. आत्या एकेकाच्या पुढे कप ठेवायच्या आणि विचारायच्या, काय दिसलं? लग्न दिसलं तर वाईट, मयत दिसलं तर चांगलं. ओळखीचं माणूस मेलेलं दिसलं तर त्याचं आयुष्य वाढलं, म्हणून त्या माणसाला तेवढ्यासाठी फोन करायचा आणि तसं सांगायचं. आणि मेलेलं माणूस जिवंत दिसलं, तर ते काहीतरी मागायला नाहीतर सांगायला आलेलं असतं. मागितलं तर द्यायचं, सांगितलं तर ऐकायचं. यात कुणी वाद घालत नसे.

हे घराणं मेंढरंवाल्यांचं. सासऱ्यांचं, म्हणजे आम्हा सुनांच्या मामांचं आणि पोरांच्या आबांचं, गाव पार कर्नाटकाच्या अंगाला. त्यांनी हयातभर मेंढरं राखली आणि पोरांना शिकवायला शहराच्या कडेला चार खोल्या बांधल्या. ते गेल्यावर घर थोरल्या दिरांच्या हातात गेलं. माणूस वाईट नाही, पण एकदा नाही म्हणाला की भिंतीशी बोललेलं बरं. माझा नवरा त्यांच्यापुढे मान वर करत नाही. आणि आत्यांचा शब्द चालायचा तो आमटीत मीठ किती घालायचं इथवर. एरवी त्या काही बोलल्या तरी शेवटी स्वतःच जोडायच्या, मला काय कळतंय म्हणा.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून मला बोलावणं आलं. स्टोअरमध्ये कारकुनी, आलेल्या-गेलेल्या मालाच्या नोंदी ठेवायच्या. मी बी.कॉम. झालेली, घरात बसून भाकरी थापून थापून डोकं फिरायची वेळ आलेली. कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावरून जायची. दिरांनी जेवताना ऐकून घेतलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, आमच्या घरातल्या बायका बसने कंपनीत जात नाहीत. झालं. नवऱ्याकडे पाहिलं तर तो ताटातली मिरची शोधत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुमसतच होते. आत्यांनी कप ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं, काय दिसलं? माझ्या तोंडून निघून गेलं, मामा दिसले. देवाशपथ सांगते, ठरवून नाही बोलले. पण एकदा बोलल्यावर मागे कसं फिरणार? मग मी पुढचंही रचलं. म्हटलं, मामा दारात उभे होते, मला म्हणाले, सूनबाई, दारात आलेल्या भाकरीला पाठ दाखवू नकोस. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. असलं बोलणं फक्त टीव्हीवरच्या मालिकांतले सासरे बोलतात.

आत्यांनी चहाची किटली खाली ठेवली. फेटा होता का, विचारलं. म्हटलं, होता, गुलाबी. घोंगडी होती का? होती. कुठल्या खांद्यावर? माझी नजर आपसूक बाहेरच्या खोलीकडे गेली, दारातून फोटो दिसत होता. डाव्या, मी म्हणाले. आत्या उठल्या आणि अंगणात गेल्या. दीर आरशासमोर दाढी करत होते. आत्यांनी त्यांना सगळं स्वप्न सांगितलं, त्यांच्या बोलीत पण अगदी मी सांगितलं तसंच, फक्त एक शब्द बदलून. आत्यांच्या तोंडी मामा म्हणाले होते, अव्वा, दारात आलेल्या भाकरीला पाठ दावू नगं. या घरात निम्मं कानडी चालायचं, तसलाच एखादा शब्द असेल म्हणून मी सोडून दिलं. पण दिरांचा हात थांबला. अर्ध्या गालाला फेस तसाच, आणि डोळे भरून आले. "आबा असं म्हणले?" एवढंच त्यांनी विचारलं. सोमवारी मी बसमध्ये होते.

बसमधल्या त्या पहिल्या दिवशी मी खिडकीशी बसून मनातल्या मनात फोटोतल्या मामांना हात जोडले. वाटलं, तुमचं नाव एकदा वापरलं, माफ करा, परत नाही. गाढव मी.

तीनेक आठवड्यांनी गावाकडच्या शेतात बोअर कुठे घ्यायची यावरून दोघा भावांत वाद झाला. सकाळी आत्यांनी कप ठेवला आणि यावेळी प्रश्न वेगळा विचारला: मामा आलते का? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग अवसेला येतील. अवसेला आत्यांनी हुग्गी केली, गव्हाची गूळ घातलेली खीर, मामांना आवडायची म्हणून. फोटोला फुलं घातली, आणि फोटोखाली माझं एकटीचं अंथरूण घातलं. नवऱ्याने उशी उचलली आणि आतल्या खोलीत गेला. सकाळी सगळं घर चहाचे कप हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होतं. त्या पाच-सहा जोडी डोळ्यांपुढे तुम्ही सांगून बघा, की मला झोप लागली आणि काही दिसलं नाही. मला नाही जमलं. मी म्हणाले, लिंबाच्या अंगाला घ्या म्हणाले.

लिंबच का? तर आदल्या दिवशी भाजी निवडताना आत्या सहज बोलून गेल्या होत्या, लिंबाकडनं घेतली तर बरं पडंल, मला काय कळतंय म्हणा. तेव्हापासून माझी ही रीतच झाली. अवसेच्या आधी दोन-चार दिवस मी आत्यांच्या बोलण्याकडे कान ठेवायची. त्या भांडी घासताना, भाकरी थापताना काहीबाही पुटपुटायच्या, आणि मी तेच मामांच्या तोंडी घालायची. मला वाटायचं, मी किती हुशार. म्हातारीच्या मनातलं काढून घेते आणि तिलाच परत विकते. बोअरला पाणी लागलं. मग तर विचारूच नका. थोरल्या जाऊबाई मला डोळा मारून म्हणायच्या, मामांना म्हणावं एक मिक्सर बी सांगा. एका अवसेला मामांनी खरंच मिक्सर सांगितला. दिरांनी संध्याकाळी आणला. आम्ही दोघी जावा न्हाणीघरात तोंडात पदर कोंबून हसलो.

पण ते हसू फार दिवस टिकलं नाही. घरात काही निघालं की निवाडा माझ्याकडे. पाव्हण्यातले लोक यायला लागले. आजारी पडायची सोय नाही, अवसेच्या सुमाराला माहेरी जायची सोय नाही. फोटोखाली पडल्या पडल्या मी टक्क जागी असायची, कारण झोप लागून खरंच काही भलतं दिसलं तर ते कुणाला सांगायचं हा प्रश्न होता. माझी झोप व्हायची ती बसमध्ये, चिंचोळीपर्यंतच्या रस्त्यात. आणि तिथे माझी माणसं दिसायची. आई दिसायची, कुर्डुवाडीच्या फलाटावर डबा घेऊन उभी, आणि माझी गाडी न थांबता पुढे निघून जायची. एकदा मला राहवलं नाही, चहाच्या वेळी सांगितलं, आई दिसली. आत्या म्हणाल्या, बरं, आन् मामा? त्या घरात स्वप्नात यायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि ते माणूस मी कधी पाहिलेलंच नव्हतं.

बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी एक मैत्रीण होती, घरी तेलुगू बोलणारी, विणकरांच्या घरातली. ती सारखी मोबाईलवर काहीतरी वाचून दाखवायची. एकदा म्हणाली, ओळखीची माणसं स्वप्नात येतात ती खरी ती नसतातच म्हणे, आपल्याच मनातलं जे बोलता येत नाही ते त्यांच्या तोंडाने बोलतं. मी म्हटलं, आणि स्वप्न पडलंच नाही, नुसतं सांगितलं, तर? ती हसली आणि म्हणाली, त्याचं मोबाईलमध्ये काही दिलेलं नाही. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

आता नणंदेचं सांगायला हवं. त्यासाठीच तर हे सगळं चाललं आहे, आणि मी मघापासून बोअर आणि मिक्सरच्या गोष्टी सांगत बसले आहे.

नणंद सगळ्यांत धाकटी. मी आले तेव्हा बारावीला होती, माझ्याकडून इंग्रजी शिकायची आणि मला कानडी शिव्या शिकवायची. पुढे नर्सिंगला गेली. तिचा पांढरा गणवेश अंगणातल्या दोरीवर वाळत असला की आत्या कोंबड्यांना त्याच्या आसपास फिरकू द्यायच्या नाहीत. शेवटचं वर्ष, एक परीक्षा तेवढी राहिलेली, आणि टेंभुर्णीचं स्थळ आलं. हायवेला हॉटेल, दोन ट्रक, एकुलता एक मुलगा. मंडळी म्हणाली, परीक्षेचं काय काढलंय, आम्हाला घरात नर्स कशाला हवी, वैशाखात लग्न उरकू. दिरांना स्थळ फार पसंत पडलं. पण मामांची लाडकी लेक, तेव्हा मामांना विचारल्याशिवाय शब्द द्यायचा नाही असं ठरलं. अवस चार दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावर बसची वाट बघत उभी होते. दिरांनी मोटारसायकल माझ्याजवळ आणून थांबवली. स्थळ चांगलं आहे, असं स्थळ परत येणार नाही, आबांना काय ते नीट समजेलच, असं बोलत राहिले. मग किक मारता मारता म्हणाले, तुमच्या कंपनीत बायकांना रात्रपाळी लावणार आहेत म्हणे, तुला पुढे पाठवायचं की नाही तेही एकदा आबांना विचारायला पाहिजे. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. आणि सांगू? माझ्या स्वप्नांवर त्यांचा खरोखर विश्वास होता. धमकी पण खरी होती आणि विश्वास पण खरा होता. माणसात दोन्ही एकत्र असू शकतं, हे मला त्यादिवशी कळलं. ती बस गेली असती तर मी परत त्या चार खोल्यांत आणि भाकऱ्यांत गेले असते.

त्याच संध्याकाळी नणंद स्वयंपाकघरात आली. मला वाटलं, आता ही पाया पडेल, खोटं बोल म्हणेल. ती तसलं काही बोलली नाही. तिला खोट्याची शंकाही नव्हती. माझ्याजवळ पाटावर बसली, परातीतल्या पिठावर बोटाने रेघा ओढल्या आणि म्हणाली, "वैनी, आबा मला कदीच दिसत न्हाईत, तुलाच दिसत्यात. आले की त्येंना तेवडं सांग, माझी एकच परीक्षा ऱ्हायली हाय." तिने माझ्याकडे एवढंच मागितलं, एक निरोप. मी बरं म्हटलं.

आत्यांनी पण आपलं बोलून दाखवलं. कपडे वाळत घालताना म्हणाल्या, पोरीचा गणवेश आज मीच धुतला, लई पांढरा निघाला, आसंच ऱ्हावं वाटतं, मला काय कळतंय म्हणा. इशारा मला कळला. कळला नाही असं म्हणायला जागा ठेवलेली नाही मी स्वतःला.

अवसेला हुग्गी झाली, फुलं झाली, अंथरूण झालं. सकाळी दीर कामावर गेले नाहीत. नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा. जाऊबाई कणीक मळायची थांबल्या. नणंद धुण्याची बादली हातात घेऊन अंगणाच्या दारात थांबली होती, आत न येता आणि बाहेर न जाता. आत्यांनी माझ्यापुढे कप ठेवला आणि विचारलं, काय दिसलं?

होय म्हणावं तर पोरगी बुडते. नाही म्हणावं तर मी बुडते. आणि तेवढ्यात मला एक वाट दिसली, किती सोपी, किती स्वच्छ. मी म्हणाले, "मामा आले नाहीत." वर आणखी म्हणाले, खरंच सांगते, काहीच दिसलं नाही. इतक्या वर्षांत फोटोखाली झोपून उठल्यावर मी खरं बोलले ते पहिल्यांदाच, आणि क्षणभर मला स्वतःचा अभिमानही वाटला. केवढी ती नीच गोष्ट.

दिरांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, आबा काही बोलले नाहीत म्हणजे त्यांची ना नाही. सगळ्यांच्या माना हलल्या. नणंद माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, मी अजून काही सांगेन म्हणून. मी कपाकडे पाहिलं. मग बादली उचलल्याचा आवाज आला आणि ती कपडे वाळत घालायला गेली. आत्यांनी माझ्यापुढचा कप उचलला, मी एक घोटही घेतला नव्हता, आणि मोरीत ओतून टाकला. मला वाटलं, गार झाला असेल.

वैशाखात लग्न झालं. परीक्षा तिच्या हळदीच्या आठवड्यातच होती. त्यानंतर आत्यांनी फोटोखाली माझं अंथरूण कधीच घातलं नाही, कुणी विचारलं तर म्हणायच्या, ते आता पुढं गेले, न्हाय येणार. मी सुटले असं मला वाटलं. कंपनीत बायकांना रात्रपाळी लागली नाही, लागणारही नव्हती. मी अजून त्याच बसने जाते, त्याच खिडकीशी बसते. आता जागा मिळायला भांडावं लागत नाही, सगळ्यांत जुनी मीच आहे.

नणंद हॉटेलच्या गल्ल्यामागे बसते. दोन मुलं आहेत. नवरा मारत नाही, दारू पीत नाही, लोक म्हणतात सुखात आहे. पण तिला कुठे जाऊ देत नाहीत, माहेरी यायचं तरी सोबत कुणीतरी येतं आणि त्याच दिवशी परत नेतं. एकदा पंचमीला आली होती. मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती बाहेरच्या खोलीतल्या फोटोकडे बघत म्हणाली, "सगळ्यांसाठी आले आबा. बोअरसाठी आले, मिक्सरसाठी आले. माझ्यासाठी त्येंना येळ न्हाय मिळाला." माझा हात तिच्या डोक्यावर तसाच थांबला. म्हणजे मी तिची नुसती परीक्षाच नाही बुडवली. तिचा बापही काढून घेतला. खरं सांगावं, तर आबा कुणासाठीच आले नव्हते हे सांगावं लागणार. न सांगावं, तर ते फक्त तिच्यासाठी आले नाहीत. दोन्हीकडून दार बंद. मी तेल चोळत राहिले.

गेल्या महिन्यात मला स्वप्न पडलं, खरंखुरं. घराच्या अंगणात नणंद आडवी ठेवलेली, अंगावर तो पांढरा गणवेश, आणि सगळे चहा पीत होते. मी ओरडत होते की तिला कप द्या, आणि आवाज निघत नव्हता. सकाळी रविवार होता. आत्या आता पंच्याहत्तरीच्या घरात आहेत, दिसायला कमी आलं आहे, पण हात चालतात. चटणीसाठी शेंगा फोडायला आम्ही दोघी अंगणात बसलो होतो आणि मी ढसाढसा रडायला लागले. आत्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, वन्सं मेलेल्या दिसल्या.

मेलेलं दिसलं की आयुष्य वाढतं, आत्या सवयीने म्हणाल्या. मग हातातली शेंग न फोडताच स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, म्हंजे आजून वाडलं म्हण की. तिथलंच, त्या गल्ल्यामागचं.

ते ऐकून मला राहवलं नाही. मी सगळं ओकून टाकलं. म्हटलं, आत्या, मी तुमच्याशी खोटं बोलत आले, मामा माझ्या स्वप्नात कधीच आले नाहीत, एकदाही नाही. आत्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"ठावं हाय की," त्या म्हणाल्या.

आणि त्या सांगत गेल्या. पहिल्या दिवशीच कळलं होतं त्यांना. मामांनी जन्मात कुणाला सूनबाई म्हटलं नव्हतं. कानडीत अव्वा म्हणजे आई, आणि त्यांच्या माणसांत लेकीसुनांनाही मायेने अव्वाच म्हणतात. थोरलीला पाच वर्षं ते अव्वा म्हणूनच हाक मारायचे, तेव्हा जाऊबाईंनाही माझं खोटं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून दिरांना सांगताना आत्यांनी तो शब्द बदलला होता. मी सांगितलेला शब्द गेला असता तर दाढी पुरी करून दीर हसले असते. मी विचारलं, मग एवढी वर्षं तुम्ही मला बोलू का दिलंत? त्या म्हणाल्या, ह्या घरात माझं कोण ऐकत हुतं, त्येंचं ऐकत्यात. बोअर लिंबाकडे त्यांना हवी होती. जाऊबाईंनी मागितला तो मिक्सरही त्यांनाच हवा होता, जातं ओढून खांदा गेला होता. मी त्यांच्या मनातलं चोरत नव्हते, त्या मला पुरवत होत्या.

मग मला गणवेश आठवला, आणि मोरीत ओतलेला चहा. मी विचारायच्या आधी आत्यांनीच सांगितलं.

"त्या दिशी हुग्गीत गूळ वाईच जास्त घातला हुता मी. म्हणलं, आज माझी लेक सुटतीया. आन् तू नेमकं त्याच दिशी खरं बोललीस."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. आत मिक्सर चालला होता, तो थांबला. मी पदराने तोंड पुसलं. मग आत्यांनी कमरेचा मोबाईल काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, आयुष्य वाडलंय तिचं, कळवाय नगं व्हय.

मी नंबर लावला. पलीकडे हॉटेलातला कालवा, कपबशा विसळल्याचा आवाज, ट्रकचा हॉर्न. मी म्हटलं, वन्सं, आज सकाळी स्वप्न पडलं. आणि तिने, इतक्या वर्षांनी, एकदम लहान आवाजात विचारलं, "आबा दिसले व्हय, वैनी?"

मी आत्यांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. शेंग बोटांत धरून थांबल्या होत्या.

मी म्हटलं, होय, आले होते. दारातच उभे होते. म्हणाले, अव्वा, तुझी परीक्षा राहिली की गं.

पलीकडे कपबशा वाजत राहिल्या. मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, "परत सांग, वैनी. कसं म्हणले, परत सांग."